गेट सिव्हिलची टेस्ट सिरीज: पैसे कशाचे वसूल झाले आणि कशाचे नाही

आधी निकाल सांगते, घाई असेल त्यांनी इथूनच परत जावं. गेट म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा; तिच्या सिव्हिलच्या पेपरासाठीची, हजार-दीड हजारांच्या घरातली ही ऑनलाइन टेस्ट सिरीज दोन गोष्टींसाठी घेण्यासारखी आहे: विषयवार छोट्या चाचण्या, आणि प्रत्येक प्रश्नावर किती वेळ गेला ते दाखवणारा तक्ता. पूर्ण तीन तासांचे पेपर, त्यांचे गुण आणि त्या गुणांशेजारी ठळक अक्षरांत झळकणारी ‘ऑल इंडिया रँक’ यांची किंमत माझ्या लेखी शून्य. कधीकधी शून्याच्याही खाली, कारण त्या आकड्यांपायी माझे बरेच चांगले रविवार नासले.

सिरीजचं नाव देत नाही. मी एकच विकत घेतली, तेव्हा ती बाकीच्यांपेक्षा वाईट आहे असं म्हणणं रास्त होणार नाही. अभ्यासिकेत आजूबाजूच्या स्क्रीनवर जे दिसायचं त्यावरून साचा सगळ्यांचा सारखाच वाटला. उजवीकडे हिरव्या-लाल-जांभळ्या प्रश्नक्रमांकांची जाळी, वर उलटं धावणारं घड्याळ, कोपऱ्यात माऊसनेच दाबायचा कॅल्क्युलेटर. खऱ्या परीक्षेच्या पडद्याची ही नक्कल बरी जमली आहे. पण तेवढ्याच गोष्टीसाठी पैसे देऊ नका. परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर सरावाचा दुवा फुकट असतो आणि तो पडदा अस्सल असतो.

मी कराडची, पुण्यात एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे नोकरी करते. दिवसभर इमारतींची मॉडेलं आणि साइटवरून येणारे फोन, उरलेल्या वेळात गेट. एम.टेक. स्ट्रक्चर्समध्ये करायचंय. म्हणजे हा नोकरी सांभाळून बसणाऱ्या उमेदवाराचा रिव्ह्यू आहे. घरी पूर्णवेळ अभ्यास करणाऱ्यांना काही गोष्टी वेगळ्या लागू पडतील.

परीक्षा माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे, बाकी गणित आणि आपला विषय. बहुपर्यायी प्रश्न (एकच पर्याय बरोबर असलेला) चुकला तर एक गुणाच्या प्रश्नाला एक-तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन-तृतीयांश गुण कापले जातात. आकडा टाइप करायचे प्रश्न (एनएटी) आणि २०२१ पासून आलेले एकापेक्षा जास्त बरोबर पर्यायांचे प्रश्न (एमएसक्यू) यांना निगेटिव्ह नाही. मात्र एमएसक्यूमध्ये एक पर्याय राहिला तरी सगळे गुण जातात, अर्धे-पाव काही मिळत नाहीत.

आता चांगलं काय ते. विषयवार चाचण्या खरोखर मेहनतीने काढल्या आहेत. सॉइल मेकॅनिक्सचं उदाहरण घ्या. कन्सॉलिडेशनवर (भाराखाली पाणी निघून जाऊन माती हळूहळू दबणं) सलग आठ-दहा प्रश्न येतात आणि दर प्रश्नात मातीच्या थराखाली काय आहे ते बदललेलं असतं: कुठे वाळू, कुठे खडक. वाळू असेल तर पाणी वरून-खालून दोन्हीकडे निघतं, खडक असेल तर एकीकडूनच, आणि त्यावर लागणारा वेळ चौपट बदलतो. सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण आकृती बघून आधी निचरा ओळखायचा ही सवय अशा एकापाठोपाठ एक आलेल्या प्रश्नांनीच लागते. एन्व्हायर्नमेंटमध्येही तसंच. बीओडीचा (पाण्यातली घाण कुजताना लागणाऱ्या ऑक्सिजनचा) स्थिरांक बेस टेनचा दिलाय की बेस ई-चा, हे पेपर काढणाऱ्याने मुद्दाम कधी सांगितलेलं, कधी प्रश्नाच्या शेपटीला लपवलेलं. कॉलेजात मी हा विषय परीक्षेपुरता उरकला होता, तो या चाचण्यांमुळे खरा शिकले. चाचणी पाऊण तासाची असते, म्हणजे ऑफिसातून आल्यावर, जेवणाआधी उरकते. नोकरी करणाऱ्याला हा मोठाच फायदा.

सर्व्हेइंगच्या, म्हणजे आता ज्याला जिओमॅटिक्स म्हणतात त्याच्या चाचण्या मात्र कंटाळवाण्या आहेत. लेव्हलिंगचे तेच तेच तक्ते. सोडून दिल्या.

आता पूर्ण पेपर. इथेच सगळा घोळ आहे, आणि तो समजायला मला वेळ लागला.

दिवाळीनंतरच्या एका पेपरात मला ३४.३३ पडले. बरोबर उत्तरांचे ४१ झाले होते. एक गुणाचे आठ आणि दोन गुणांचे सहा बहुपर्यायी प्रश्न चुकले, त्यांचे ६.६७ वजा. सबमिट दाबल्याबरोबर सेकंदाच्या आत हा आकडा पडद्यावर आला, शेजारी चार आकडी रँक, आणि त्याखाली त्याच कंपनीच्या क्रॅश कोर्सची जाहिरात. गुण कमी आले की जाहिरात येते की सगळ्यांनाच येते, ते कळायला मार्ग नाही. पण त्या क्षणी माझं बोट जवळजवळ तिथे गेलं होतं. वाईट गुण आले की माणसाला लगेच काहीतरी नवीन विकत घ्यावंसं वाटतं: नवा कोर्स, नवं पुस्तक, नव्या सरांची लेक्चरं. आणि त्याहून घातक म्हणजे सगळं पुन्हा पहिल्या पाठापासून सुरू करावंसं वाटतं. आमच्या अभ्यासिकेत सॉइलचे पहिले तीन पाठ तोंडपाठ असलेले आणि फाउंडेशनपर्यंत कधीच न पोहोचलेले लोक आहेत.

त्या संध्याकाळी आईचा फोन.

“किती पडले गं?”

“चौतीस.”

“शंभरात?”

“हो.”

ती जरा थांबली. “म्हणजे एका मार्कानं गेलीस की.”

दहावीपासून डोक्यात बसलेलं ते पस्तीस कुणाच्याच डोक्यातून जात नाही, माझ्याही नाही. पस्तीसला पास, साठला फर्स्ट क्लास, पंचाहत्तरला डिस्टिंक्शन. गेटला ही मोजपट्टी लागूच नाही. सर्वसाधारण गटाचे पात्रता गुण म्हणजे २५ किंवा त्या पेपरात बसलेल्या सगळ्यांच्या सरासरीत प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) मिळवून येणारा आकडा, दोन्हींपैकी जो मोठा असेल तो. सिव्हिलला हा आकडा गेल्या काही वर्षांत पंचविशीच्या पुढे ते तिशीच्या आसपास फिरत आलाय. म्हणजे शंभरात चौतीस हा तिथे पात्र ठरणारा आकडा होऊ शकतो. अर्थात नुसतं पात्र होऊन स्ट्रक्चर्सला प्रवेश मिळत नाही हेही खरं, पण ‘नापास’ हा शब्द इथे बसत नाही. सिरीजवाल्यांनी निकालाच्या पानावर एवढी एक ओळ छापली असती तरी निम्म्या पोरांची झोप वाचली असती. छापत नाहीत. क्रॅश कोर्स कसा खपणार?

आईच्या हातून बाबांनी फोन घेतला. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, हयात बंधाऱ्यांवर आणि कालव्यांवर गेली. त्यांनी गुण विचारलेच नाहीत. म्हणाले, “पेपर काढला कोणी? तपासला कोणी?” मला उत्तर माहीत नव्हतं. मग म्हणाले, “सात दिवसांचा क्यूब कमी आला म्हणून आम्ही कधी काम पाडलं नाही. पण क्यूब फोडायचं मशीन कॅलिब्रेट केलेलं आहे का ते आधी बघायचो. तुझ्या मशीनचं काय?”

सिव्हिलवाल्यांना हे लगेच कळेल. काँक्रीटचा ठोकळा सातव्या दिवशी पूर्ण ताकदीच्या साधारण दोन-तृतीयांश दाखवतो, निर्णय अठ्ठाविसाव्या दिवशी होतो. पण मशीनच चुकीचं वाचत असेल तर सातवा काय नि अठ्ठाविसावा काय.

तर मी मशीन तपासलं. गेटचे जुने पेपर उत्तरसूचीसह फुकट मिळतात. सिव्हिलला उमेदवार इतके असतात की पेपर दोन सत्रांत घेतात, त्यामुळे २०२१ ते २०२५ एवढीच वर्षं धरली तरी दहा पूर्ण पेपर हाताशी आहेत, एमएसक्यूसकट. त्यातला एक मी तोवर पाहिलेला नव्हता. पुढच्या रविवारी, त्याच खुर्चीत, तेवढाच वेळ लावून तो सोडवला. सत्तेचाळीस. आठवड्यात माझं ज्ञान तेरा गुणांनी वाढलं नव्हतं, आठवडाभर तर मी एका गृहसंकुलाच्या बेसमेंटच्या रिटेनिंग वॉलमध्ये अडकले होते.

मग दोन पेपर शेजारी ठेवून फरक शोधला. खऱ्या गेटच्या प्रश्नात आकडेमोड थोडी असते आणि विचार जास्त. दोन गुणांचा प्रश्नसुद्धा एकदा वाट सापडली की तीन-चार ओळींत सुटतो. सिरीजमधले दोन गुणांचे प्रश्न म्हणजे लांबलचक गुणाकार-भागाकार. एका पोर्टल फ्रेमच्या प्रश्नात स्लोप डिफ्लेक्शनची (फ्रेम हाताने सोडवायची एक पद्धत) तीन समीकरणं सोडवायची होती, तीही माऊसने बटणं दाबायच्या कॅल्क्युलेटरवर. असा प्रश्न काढायला सोपा आणि ‘आमचे पेपर कठीण असतात’ असं मिरवायलाही सोयीचा. काठिण्य म्हणजे दर्जा, असा या धंद्यातला समज दिसतो. विकत घेणाऱ्यांचाही तोच. “आमच्या सिरीजला पस्तीस म्हणजे खऱ्या पेपरला पंचावन्न” असं लोक अभिमानाने एकमेकांना सांगतात. एकाला विचारलं, हे गुणोत्तर कुठून आलं? म्हणाला, सगळेच म्हणतात.

चुकाही आहेत. एका पेपरात प्रश्न लिमिट स्टेट या आताच्या पद्धतीचा आणि सोडवणूक १९८४ च्या जुन्या आयएस ८०० च्या (पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाच्या) पद्धतीने. एका प्रश्नाची आकृतीच लोड झाली नाही, तोही कन्सॉलिडेशनचा, म्हणजे खाली वाळू की खडक हेच दिसेना. एनएटी प्रश्नांत त्यांचं उत्तर ४.३ आणि माझं ४.२७ असलं तरी चूक धरायचे. खऱ्या परीक्षेच्या उत्तरसूचीत अशा प्रश्नांना बहुधा अमुक ते अमुक अशी मर्यादा दिलेली असते. कळवलं की दोन-तीन दिवसांत ‘धन्यवाद, दुरुस्त करतो’ असं उत्तर यायचं आणि दुरुस्तही व्हायचं, हे मान्य केलं पाहिजे. पण तुमचे गुण आणि तुमची झोप दोन्ही तोवर गेलेली असतात.

रँकबद्दल दोनच वाक्यं. ती रँक गेट देणाऱ्यांमधली नसते, त्या दिवसापर्यंत तो पेपर सोडवलेल्या वर्गणीदारांमधली असते. यादीच्या टोकाला शंभरात ९६-९७ वाले दिसतात, आणि तोच पेपर टेलिग्रामवर उत्तरांसकट आधीच फिरत असतो, तेव्हा काय समजायचं ते समजा.

आता तो वेळेचा तक्ता, ज्याच्यासाठी मी पुन्हा पैसे देईन.

पेपर झाल्यावर ‘अ‍ॅनॅलिसिस’मध्ये गेलं की ६५ प्रश्नांची यादी येते. प्रत्येकासमोर तुम्ही एकूण किती मिनिटं-सेकंद घालवलीत, किती वेळा परत आलात, कितव्या मिनिटाला उत्तर बदललंत. तीन तासांत ६५ म्हणजे सरासरी पावणेतीन मिनिटं पडतात. माझ्या ३४ गुणांच्या पेपरात त्या पोर्टल फ्रेमसमोर अकरा मिनिटं होती, आणि उत्तर चूक. का सोडला नाही मी तो प्रश्न? कारण रोजच्या कामात मी फ्रेमच सोडवते. सॉफ्टवेअर सोडवतं, मी बघते, हे बाजूला ठेवू. स्ट्रक्चरल इंजिनिअरला फ्रेम सुटत नाही हे मनाला पटेना. त्याच पेपरात एन्व्हायर्नमेंटचे तीन एक गुणाचे प्रश्न मी उघडलेसुद्धा नव्हते. तक्त्यात त्यांच्यासमोर शून्य मिनिटं शून्य सेकंद. आणि अ‍ॅप्टिट्यूडचे १५ गुण, जे आठवीतल्या गणितावर आणि जरा बऱ्या इंग्रजीवर मिळतात, ते मी शेवटच्या आठ मिनिटांत कोंबले होते.

हा तक्ता पाहिल्यावर मी क्रम बदलला. अ‍ॅप्टिट्यूड आधी, मग एक गुणाचे सगळे, मग दोन गुणांचे, आणि स्ट्रक्चर्सचे लांब प्रश्न सगळ्यात शेवटी. कुठलाही प्रश्न चार मिनिटांच्या वर गेला की जांभळा करून (म्हणजे नंतर बघायची खूण करून) पुढे. नवीन काही न शिकता गुण वर सरकले ते एवढ्याने.

दुसरी गोष्ट सिरीजमध्ये नाही, ती मी वहीत केली. दोनशे पानी लाँगबुक, प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाला एक ओळ आणि चार रकाने: येत नव्हतं, वाचलं चुकीचं, आकडेमोड चुकली, वेळ पुरला नाही. रकाना भरायचा नियम असा की आधी उत्तर न बघता प्रश्न पुन्हा सोडवायचा. सुटला तर ‘येत नव्हतं’मध्ये टाकायची परवानगी नाही. पाचसहा पेपरांनंतर बेरीज केली. मला वाटलं होतं पहिला रकाना सगळ्यात लांब असेल. दुसरा निघाला. नेट बेअरिंग कपॅसिटी विचारलीय तर ग्रॉस काढलेली. ‘चूक विधान निवडा’ असताना बरोबर निवडलेलं. व्यास दिलाय, त्रिज्या समजून वर्ग केलेला. उत्तर किलोन्यूटनमध्ये मागितलंय, मी न्यूटनमध्ये दिलंय. एवढ्या सगळ्याला सॉइलचा पहिला पाठ पुन्हा वाचणं हा उपाय नव्हता, आणि गुण बघून मी नेमकं तेच करत होते.

सिरीजचे ‘स्ट्रॅटेजी’ व्हिडिओ यावर म्हणतात, निगेटिव्ह टाळायचं तर अंदाज मारू नका. गणित करून बघा. चार पर्यायांत डोळे मिटून ठोकला तर एक-चतुर्थांश वेळा पूर्ण गुण, तीन-चतुर्थांश वेळा एक-तृतीयांश वजा: हिशोब शून्यावर येतो, फायदा नाही आणि तोटाही नाही. एक पर्याय नक्की चूक आहे एवढं कळलं तरी हिशोब फायद्यात जातो. माझे वजा झालेले बरेचसे गुण अंदाजाचे नव्हतेच, खात्रीने दिलेल्या उत्तरांचे होते. तिथे ‘अंदाज मारू नका’ या सल्ल्याचा काय उपयोग? उपयोग झाला तो उत्तर टिक करण्याआधी प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाचण्याचा, आणि विचारलेलं एकक कच्च्या कागदावर आधी लिहून ठेवण्याचा.

पेपर कधी द्यायचा यावरही सिरीज काही सांगत नाही. ‘कधीही, कुठेही’ ही तिची जाहिरातच आहे. सुरुवातीला मी जेवणं झाल्यावर रात्री दहाला बसायचे. दिवसभर काम करून मध्यरात्री एक वाजता जे गुण येतात ते अभ्यासाचे नसतात, थकव्याचे असतात. खरी परीक्षा सकाळी साडेनऊ ते साडेबारा किंवा दुपारी अडीच ते साडेपाच. मग रविवारी साडेनऊलाच बसायचं ठरवलं, आणि त्यासाठी नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत जागा घेतली. महिन्याची फी, लॉकर, चार्जिंग पॉइंट, इन्व्हर्टर, आणि मालकांचा एकच नियम: फोन बाहेर. तिचा रिव्ह्यू वेगळा लिहावा लागेल. तिथली सगळी पोरं एमपीएससीची, गेटवाली मी एकटी.

शेजारच्या टेबलावर परभणीचा एक मुलगा राज्यसेवेला बसतो. मी सबमिट दाबल्यावर माझं तोंड उतरलेलं त्याने बऱ्याचदा पाहिलं असणार. एकदा खाली चहाला म्हणाला, “ताई, तुमचा निकाल लगेच येतो तेच वाईट आहे. आमची मुख्य परीक्षा आता लेखी झाली, सर पेपर तपासून देईपर्यंत आठवडा जातो. तोवर आपण काय लिहिलं तेच विसरलेलं असतंय. मग चुका बघायला काही वाटत नाही.”

हे पटलं, पण सिरीजमध्ये गुण लपवायची सोयच नाही. सेटिंग्जमध्ये शोधलं, त्यांना ईमेल केलं, ‘सूचना पुढे पाठवली आहे’ असं उत्तर आलं. शेवटी पडद्यावर ज्या जागी गुण येतात तिथे सबमिट करण्याआधीच पिवळी चिकटचिठ्ठी लावायला सुरुवात केली. रँक तिच्या कडेने अर्धी दिसायची, म्हणून दुसरी लावली. रविवारी फक्त सबमिट करायचं आणि लॅपटॉप बंद. बुधवारी संध्याकाळी वही घेऊन चुकलेले प्रश्न सोडवायचे. गुण बघायचेच असले तर रकाने भरून झाल्यावर. बुधवारपर्यंत कधीकधी बघायची आठवणही राहायची नाही. ऑफिसातल्या एका मित्राने हा प्रकार पाहून विचारलं, मग पैसे कशाला भरलेस? प्रश्न योग्य होता. पैसे प्रश्नांचे आणि तक्त्याचे भरलेत, असं त्याला सांगितलं.

जे नव्याने सुरुवात करतायत त्यांना एक कळकळीची विनंती. २०२१ पासूनच्या त्या दहा पेपरांपैकी तीन तरी आजच बाजूला काढा आणि परीक्षेच्या आधीच्या महिन्यापर्यंत उघडू नका. विषयवार लावलेल्या जुन्या प्रश्नांच्या जाडजूड पुस्तकांत हे सगळे प्रश्न विखुरलेले असतात, तेव्हा तिथेही त्या वर्षांवर पेन्सिलीने काट मारून ठेवा. एकदा पाहिलेल्या पेपरात पडलेले गुण काहीच सांगत नाहीत. आपण कुठे आहोत हे विचारायला न पाहिलेला खरा पेपर याहून विश्वासू साधन मला तरी सापडलेलं नाही. झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट प्रिंट काढल्या तर तीन पेपरांचा खर्च दोन चहा आणि एक क्रीमरोल एवढा येतो. मात्र सोडवताना कॅल्क्युलेटर पडद्यावरचाच वापरा, टेबलावरच्या कॅसिओची सवय महागात पडते.

बाकी किरकोळ. अ‍ॅप बरं चालतं, पण मोबाइलवर पूर्ण पेपर देऊ नका, मॅट्रिक्सचे प्रश्न पडद्यात मावत नाहीत. सोडवणुकीचे व्हिडिओ लांबण लावणारे आहेत, पीडीएफ बरी. शंका विचारायच्या गटात शंकांपेक्षा ‘किती आले?’ जास्त चालतं, मी दुसऱ्याच आठवड्यात म्यूट केला. संकल्पना कच्ची असेल तर एनपीटीईएलची (आयआयटीतल्या प्राध्यापकांची ऑनलाइन) फुकट लेक्चरं सिरीजच्या व्हिडिओंपेक्षा कितीतरी सरस आहेत, फक्त ती गेटसाठी बनवलेली नाहीत, तेव्हा हवा तो भागच बघा. मुदत परीक्षेच्या तारखेपर्यंत असते, त्यामुळे जूनमध्ये घ्या की ऑक्टोबरमध्ये, संपायची वेळ एकच. सणासुदीला सवलत येते, तोवर थांबलात तरी काही बिघडत नाही, कारण अभ्यासक्रम निम्मा झाल्याशिवाय विषयवार चाचण्यांनाही अर्थ नाही.

प्रत्यक्ष परीक्षेत मला ५३ च्या थोडे वर मिळाले. सिरीजमधल्या माझ्या शेवटच्या पेपरांची सरासरी चाळिशीच्या खाली होती, आणि राखून ठेवलेल्या जुन्या पेपरांत ४७ ते ५५. कुठलं मशीन बरोबर वाचत होतं ते यावरून ठरवा. एका माणसाच्या आकड्यांवरून नियम होत नाही हे मला कळतं, पण माझ्यापुरता हिशोब लागला. आयआयटी मुंबईच्या स्ट्रक्चर्सला हे गुण पुरणार नाहीत. एनआयटींच्या एम.टेक. प्रवेशाच्या सामायिक प्रक्रियेत, म्हणजे सीसीएमटीमध्ये, नागपूरचं व्हीएनआयटी वरच्या पसंतीला टाकलंय, बघू. गुणपत्रक तीन वर्षं चालतं, तेव्हा पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा बसायचं की नाही हे त्या निकालावर ठरेल. बसले तर सिरीज पुन्हा घेईन, पण पूर्ण पेपरांशिवायचं, फक्त विषयवार चाचण्यांचं जे स्वस्त पॅकेज असतं ते. ते त्यांच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत असतं, शोधावं लागतं.

पाचपैकी तीन तारे. त्यातला दीड एकट्या वेळेच्या तक्त्याचा. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनी मला विचारू नये, त्यांचे पेपर कोण काढतं ते मी पाहिलेलं नाही. कॉम्प्युटर सायन्सचा मावसभाऊ म्हणतो त्यांचे पेपर बरे असतात, पण तो अजून अभ्यासाला बसलेला नाही.